घरात एकच गाडी, बजेट सढळ, आणि ती चालवायला मजाही यायला हवी: मग नेमकं काय घ्यावं?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे पुढचं नीट कळेल. घरात नवरा-बायको आणि दोन लहान मुलं, धाकट्याची कारसीट अजून उलट्या तोंडाची, अधूनमधून आजी सोबत येणार, रोज ऑफिसला जायला हीच गाडी आणि सुट्टीत लांबच्या प्रवासालाही हीच. बजेटची फार चिंता नाही, पण दुसरी गाडी ठेवायला जागा नाही. यादीत होंडा सिव्हिक टाइप आर, बीएमडब्ल्यूची एम३४०आय आणि एम३, पोर्शे मकान आणि 'एखादी इलेक्ट्रिक' एवढी नावं आहेत, आणि शोरूमवाले म्हणतायत की बजेट आहे तर सगळ्यात पॉवरफुल तीच घ्या.

मी गेली वीसेक वर्षं सस्पेन्शन आणि व्हील अलाइनमेंटचं काम करतोय आणि सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांना गाड्या तपासून देतो, त्यामुळे माझ्याकडे गाड्या येतात त्या विकत घेऊन सहा महिने-वर्ष झाल्यावर, हौस ओसरल्यावर. त्या अनुभवावरून आधीच सांगतो, बजेट कमी असलं की माणूस आपोआप नीट निवडतो कारण पर्यायच चार असतात, पण बजेट सढळ असलं की हमखास एकच चूक होते, प्रत्येक गोष्टीत एक पायरी वर जायचं. ३०० हॉर्सपॉवर पुरत असताना ५००, १८ इंची चाकं छान असताना २१, सेडान पुरत असताना एसयूव्ही. आणि मग अशी गाडी दारात येते जी कागदावर जबरदस्त आहे पण रोजच्या रस्त्यावर तिच्यात काही मजाच नाही, वर आजीची पाठ दुखते. माझं म्हणणं एवढंच की एक पायरी खाली उतरा आणि उरलेला पैसा टायर, शॉकअप, ब्रेक आणि इन्शुरन्सला ठेवा. खाली का ते सांगतो.

आधी स्पोर्टी म्हणजे काय ते. १९७६ साली फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय विकायला काढली तेव्हा तिच्यात १.६ लिटरचं इंजिन होतं, ताकद फक्त ११० हॉर्सपॉवर. आज एवढी ताकद साध्या फॅमिली गाडीतही असते आणि कोणी वळून बघत नाही. पण त्या गाडीचं वजन होतं जेमतेम ८०० किलोच्या आसपास, मागे माणसं बसायची, डिकीत सामान मावायचं, आणि ती वळणावर अशी जायची की लोक आजही तिच्याबद्दल बोलतात. म्हणजे तुमचा जो प्रश्न आहे त्याचं एक उत्तर जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी करून दाखवलंय आणि त्यात ताकदीचा वाटा सगळ्यात कमी होता.

वजन ही अशी गोष्ट आहे की ती तुम्हाला प्रत्येक ठिकाणी भोवते. ब्रेक मारताना ती सगळी ऊर्जा डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन जाते, वजन दीडपट तर उष्णता दीडपट, वेग दुप्पट तर चौपट. वळणावर ते वजन बाहेर ढकलायला बघतं आणि टायरला ते धरून ठेवावं लागतं. जास्त ताकदीचं इंजिन लावून सरळ रस्त्यावर वजन लपवता येतं, वळणावर आणि ब्रेकिंगला नाही लपवता येत. इथे मर्सिडीज-एएमजीच्या सी६३ चं उदाहरण बघा. आधी त्यात ४ लिटरचा व्ही८ होता, २०२२ ला आली ती चार सिलिंडरचं इंजिन आणि हायब्रिड मोटर घेऊन, ताकद वाढून ६८० पीएस (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच) झाली, आकडा बघितला तर आधीच्यापेक्षा कितीतरी पुढे. पण वजन २१०० किलोच्या पुढे गेलं, मागच्या ॲक्सलवर बॅटरी आली म्हणून डिकीची जागा गेली, आणि ज्यांना ती गाडी आवडायची त्यांनीच तोंड फिरवलं. इंजिनिअरिंग म्हणून ती गाडी कमालीची आहे, मी त्या लोकांच्या कामाला नावं ठेवत नाही, पण तुमच्यासारख्या माणसाने जेव्हा रोज वापरायची गाडी निवडायची असते तेव्हा ताकदीच्या आकड्यामागे जाऊन काय काय हातचं जातं ते यात स्वच्छ दिसतं.

माझी स्वतःची कसोटी साधी आहे. ताशी ५०-६० च्या वेगात, एका साध्या वळणावर, गाडीने तुम्हाला काही सांगितलं का? पुढची चाकं कुठे आहेत ते स्टिअरिंगमधून हाताला कळलं का, सीटमधून कळलं का की मागचा भाग वळायला लागलाय? जी गाडी या वेगाला बोलते ती रोज बोलेल. जी गाडी १६० च्या पुढेच जागी होते ती तुमच्यासाठी वर्षातले ३६० दिवस झोपलेली असणार.

आता प्रॅक्टिकलकडे येऊ, इथे लोक डिकीचे लिटर बघतात आणि फसतात. हे लिटर मोजायची एक पद्धत आहे, २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे एक एक लिटरचे ठोकळे डिकीत रचत जायचे आणि किती मावले ते मोजायचं. छोटे ठोकळे कोपऱ्याकोपऱ्यात, चाकांच्या बाजूच्या खोबणीत, फ्लोअरच्या खालच्या कप्प्यात सगळीकडे मावतात, तुमची बाबागाडी नाही मावत. त्यामुळे लिटरपेक्षा तीन गोष्टी बघा: डिकीचं तोंड किती रुंद आणि किती उंच उघडतं, खालचा काठ जमिनीपासून किती वर आहे म्हणजे जड बॅग कुठपर्यंत उचलावी लागेल, आणि सीट पाडल्यावर तळ सपाट होतो का मधे पायरी राहते. सेडानची डिकी आतून मोठी असते पण तोंड पत्रपेटीसारखं असतं, घडी केलेली बाबागाडी आडवीतिडवी करून सरकवावी लागते. त्यापेक्षा हॅच किंवा लिफ्टबॅक, म्हणजे दिसायला सेडान पण मागची काचही सोबत उघडते अशी, कितीतरी सोयीची. स्कोडा ऑक्टाव्हिया त्यातली, चौथ्या पिढीच्या लिफ्टबॅकची डिकी ६०० लिटरची आणि तोंड एवढं मोठं की माणूस आत बसून डबा खाईल, आणि इस्टेट म्हणजे लांब छताची घेतली तर ६४०. बीएमडब्ल्यूची ४ सिरीज ग्रॅन कूपे आणि ऑडीची ए५ स्पोर्टबॅक पण याच प्रकारातल्या.

कारसीटचा मुद्दा याहून मोठा आहे आणि बहुतेक लोक तो गाडी घरी आल्यावर शोधतात. उलट्या तोंडाची सीट लांबीला भरपूर जागा खाते, ती बसवल्यावर पुढची सीट किती पुढे सरकवावी लागते ते बघा, तुम्ही उंच असाल आणि सीट तुमच्यामागे आली तर गुडघे डॅशबोर्डला लागतील. दोन कारसीट लावल्यावर मधे आजी बसणार आहेत असं तुम्ही म्हणताय, तर इथेच सिव्हिक टाइप आर बाद होते, कारण तिच्यात मागे मधली सीटच नाही, ती चारच माणसांची गाडी आहे. मला ती गाडी फार आवडते म्हणून हे लिहिताना वाईट वाटतंय. २ लिटर टर्बो, फक्त ६ स्पीड मॅन्युअल, पुढच्याच चाकांना ताकद तरी स्टिअरिंग हातातून ओढलं जात नाही कारण पुढच्या सस्पेन्शनला वेगळा सांधा दिलाय आणि आत मेकॅनिकल लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एकच चाक नुसतं फिरू न देता दोन्ही चाकांना ताकद वाटणारा भाग, आहे, आणि डिकीही हॅचची, प्रशस्त. कुटुंब चारचंच असतं आणि आजी दुसऱ्या गाडीने येत असत्या तर मी इथेच उत्तर संपवलं असतं. बाकीच्या गाड्यांमध्येही मधल्या सीटवर स्वतः बसून बघा, दोन कारसीट लावून, कारण ऑल व्हील ड्राइव्हच्या, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या, गाड्यांमध्ये मधे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टचा उंचवटा असतो आणि पाय ठेवायला जागा राहत नाही.

बॉडीच्या प्रकाराबद्दल माझं मत ठाम आहे. एसयूव्ही उंच असते म्हणजे तिचा गुरुत्वमध्य उंच असतो, ती वळणावर कलते, ते कलणं थांबवायला कंपनी जाड अँटीरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी) आणि कडक स्प्रिंग घालते, मग एका चाकाखाली खड्डा आला की धक्का दुसऱ्या बाजूलाही जातो आणि आतल्या माणसांची डोकी डावी-उजवीकडे हलतात. याला उपाय आहेत, एअर सस्पेन्शन आहे, वळणावर स्वतः ताण बदलणारे इलेक्ट्रिक अँटीरोल बार आहेत, आणि पोर्शेने मकान आणि कायेनमध्ये हे काम इतकं चांगलं केलंय की चालवताना उंची विसरायला होते. पण उपाय म्हणजे वजन आणि खर्च, आणि सगळं करून तुम्ही तिथेच पोचता जिथे खाली बसणारी गाडी मुळातच उभी होती. एसयूव्हीचं एकच कारण मला पटतं, गुडघे. आजींना खाली वाकून बसता येत नसेल तर बाकी सगळा हिशोब बाजूला ठेवून मकान घ्या, त्यात काही चूक नाही. तुमचा रस्ताच खराब असेल, कच्चा असेल, तरीही.

नाहीतर माझं मन इस्टेटवर आहे, आणि हे फक्त माझं नाही, या क्षेत्रातल्या पुष्कळ लोकांचं असतं. १९९४ ला ऑडीने पोर्शेच्या मदतीने आरएस२ अवांत (ऑडी इस्टेटला अवांत म्हणते) केली, पाच सिलिंडरचं २.२ लिटर टर्बो, ३१५ पीएस, ब्रेक पोर्शेचे, आणि मागे फर्निचर मावेल एवढी जागा, तिथून ही परंपरा चालू आहे. आजची आरएस६ अवांत ४ लिटर व्ही८ ची ६०० पीएसच्या घरातली आहे, आणि बीएमडब्ल्यूने इतकी वर्षं टाळून शेवटी २०२२ ला एम३ टूरिंग, म्हणजे एम३ ची इस्टेट, आणली. इस्टेटमध्ये माणसं तेवढ्याच खाली बसतात जेवढी सेडानमध्ये, मागे थोडंसं वजन वाढतं, ते चालवताना जाणवतही नाही, आणि सामानाचा प्रश्न कायमचा मिटतो. ३ सिरीज टूरिंगमध्ये तर मागची नुसती काच वेगळी उघडते, अरुंद पार्किंगमध्ये पूर्ण दार उघडायला जागा नसली की पिशव्या वरून आत टाकता येतात, ही गोष्ट ब्रोशरमध्ये कोणी वाचत नाही पण वापरणारा माणूस रोज वापरतो.

आता माझ्या कामाचा भाग, इथे जरा थांबतो. गाडी रस्त्याला चिकटते ती चार टायरच्या तेवढ्याच भागाने, प्रत्येकी साधारण तळहाताएवढा. तुम्ही इंजिनवर, सीटवर, साउंड सिस्टिमवर कितीही खर्च करा, वळण आणि ब्रेक दोन्ही शेवटी त्या चार तळहातांवर. म्हणून चाकांचा आकार हा माझ्या मते ऑर्डर फॉर्मवरचा सगळ्यात महत्त्वाचा रकाना आहे आणि लोक तो फोटो बघून भरतात. चाक मोठं केलं की टायरची भिंत बुटकी होते, खड्ड्याचा धक्का पेलायला रबर कमी राहतं, आणि स्प्रिंगच्या खालचं वजन वाढतं, म्हणजे असं वजन जे शॉकअपला सतत वरखाली आवरावं लागतं. माझ्याकडे एक गिऱ्हाईक आले होते २१ इंचांची चाकं घेऊन, एका लांबच्या प्रवासात दोन रिम वाकल्या, टायरला फुगा आला, त्यात गाडीत स्टेपनी नाही, कारण अशा बऱ्याच गाड्यांत आता फक्त पंक्चर किटच देतात आणि फाटलेल्या भिंतीला ते किट काही कामाचं नाही. आम्ही त्यांना त्याच गाडीला कंपनीनेच मान्य केलेलं १९ इंची माप बसवून दिलं, आणि आठवड्याने त्यांचा फोन आला की ही तीच गाडी आहे का. काही बदललं नव्हतं, फक्त रबर परत मिळालं होतं.

तर सगळ्यात छोटं चाक घ्या जे मोठ्या ब्रेकवर बसतं. हे 'बसतं' महत्त्वाचं, स्पोर्टी गाड्यांचे कॅलिपर मोठे असतात आणि प्रत्येक छोटं चाक त्यावरून जात नाही, मान्य मापांची यादी मॅन्युअलमध्ये असते, आणि लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचा आकडा, कंपनीने सांगितलाय त्यापेक्षा कमी कधीच घेऊ नका, भरलेली डिकी आणि पाच माणसं म्हणजे टायरवर बराच भार असतो. टायर उत्तम प्रतीचे, चारही एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे. थंडीत तापमान ७ अंशांच्या खाली राहत असेल तर उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि पकड जाते, मग दुसरा सेट लागेल, तो बजेटमध्ये आत्ताच धरा.

दुसरा रकाना म्हणजे ॲडॅप्टिव्ह शॉकअप, हा पर्याय असेल तर डोळे झाकून घ्या, पॅनोरमिक छत सोडा पण हे घ्या. काचेच्या छताचं वजन गाडीच्या सगळ्यात वरच्या जागी येतं, आणि ॲडॅप्टिव्ह शॉकअपमुळे एकच गाडी आजीसाठी मऊ आणि तुमच्यासाठी घट्ट होते, तुमच्या प्रश्नातले दोन्ही शब्द एका बटणात. एक सांगतो, खराब रस्त्यावर स्पोर्ट मोडमध्ये गाडी जलद होत नाही, उड्या मारते, चाक हवेत असेल तर पकड कसली. माझ्या ओळखीतले चांगले ड्रायव्हर इंजिन स्पोर्टवर आणि सस्पेन्शन कम्फर्टवर ठेवतात. असं वेगवेगळं सेट करता येतं का ते विचारा.

इंजिन-गिअरबॉक्सचं थोडक्यात सांगतो. रोजच्या ट्रॅफिकमध्ये तासभर जात असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी, ऑटोमॅटिक, आणि त्यात झेडएफ या गिअरबॉक्स कंपनीची ८ स्पीड ही इतकी चांगली झालीय की ड्युअल क्लचचा, म्हणजे दोन क्लच असलेल्या ऑटोमॅटिकचा, हट्ट करायचं कारण उरलं नाही. ड्युअल क्लच मोकळ्या रस्त्यावर झपकन गिअर बदलते, पण इंच इंच सरकताना क्लच अर्धवट दाबून धरल्यासारखा घासत राहतो, तापतो, थोडे धक्के जाणवतात. मॅन्युअल मला आवडते, पण घरातले दोघंही चालवणार असतील तर दोघांचंही मत घ्या. आणि सहा सिलिंडर सरळ रेषेतलं इंजिन परवडत असेल तर घ्या, त्याचा समतोल मुळातच असा आहे की कंपन जवळजवळ राहत नाही, कमी वेगाला पण ते गोड चालतं. बीएमडब्ल्यूचं बी५८ हे ३ लिटरचं टर्बो एम३४०आय मध्ये आहे, तेच टोयोटाच्या सुप्रामध्ये पण आहे, आणि वर्कशॉपमध्ये या इंजिनबद्दल मला चांगलंच ऐकू येतं.

ऑल व्हील ड्राइव्हबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे तो काढतो. चारही चाकांना ताकद दिल्याने गाडी ओल्या रस्त्यावर जोरात सुटते, ती थांबत नाही लवकर. थांबवायला प्रत्येक गाडीकडे चारच टायर असतात. त्यामुळे ऑल व्हील आहे म्हणून साधे टायर चालतील असं नाही. आणि टायर बदलताना चारही एकदम बदला, कारण झीज वेगवेगळी असली की चाकं वेगवेगळ्या फेऱ्यांनी फिरतात आणि ट्रान्सफर केसमधला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या डब्यातला, क्लच सतत घासत राहतो.

इलेक्ट्रिकबद्दल तुम्ही फक्त 'एखादी' म्हणालात, तर तिचा विचार नीट करा, कारण तुमचा रोजचा वापर बघता ती बसू शकते. बॅटरी खाली असल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, पेडल दाबल्याबरोबर ताकद मिळते, आणि ताशी ५०-६० ला मजा ही जी माझी कसोटी आहे त्यात पिकअपचे मार्क तिला पूर्ण. वळणाच्या बाबतीत वजन आडवं येतं. ह्युंदाई आयोनिक ५ एन ही मला या सगळ्यांत मनापासून केलेली वाटते, ८४ किलोवॅट अवरची बॅटरी, ६५० पीएसपर्यंत ताकद, आणि त्यांनी गिअर बदलल्याचा आवाज आणि झटका सॉफ्टवेअरने दिलाय, ऐकायला विचित्र वाटेल पण वळणाच्या रस्त्यावर त्याचा खरंच उपयोग होतो, वेग किती आहे ते मीटर न बघता कळतं. पण वजन सव्वादोन टनांच्या घरात, टायर लवकर जाणार हे गृहीत धरा. टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्स त्यापेक्षा बरीच हलकी आहे, पण ती सेडान, डिकीचं तोंड वर सांगितलं तसं. पोर्शे टायकानचा क्रॉस टुरिस्मो म्हणजे इस्टेटसारखा अवतार बजेटमध्ये येत असेल तर चालवून बघाच, वजनदार असूनही स्टिअरिंग बोलतं. अट एकच, घरी किंवा ऑफिसात चार्जिंग पाहिजे. ते नसेल आणि सुट्टीचा प्रवास लांबचा असेल तर आत्ता नको. हायवेला जोरात चालवलं की रेंज झपाट्याने उतरते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ब्रोशरमधली रेंज त्या वेगाची नसते.

नवी का जुनी? सढळ बजेटवाले हा प्रश्न विचारतच नाहीत, पण विचारा. महागड्या स्पोर्टी गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त पडते, आणि दोन-तीन वर्षं जुनी, पूर्ण सर्व्हिस रेकॉर्डवाली, एकाच हातातली गाडी मिळाली तर वाचलेल्या पैशात कितीतरी वर्षांचे टायर आणि ब्रेक येतात. फक्त तपासल्याशिवाय नाही. गेल्या वर्षी एका ओळखीच्यांसाठी तीन वर्षांची स्पोर्ट सेडान बघायला गेलो, बाहेरून अगदी नवी, टायर बाहेरून छान दिसत होते, जॅकवर उचलून आतली कड बघितली तर तार दिसायच्या बेताला आली होती, चार टायर तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि हळू वेगात पूर्ण स्टिअरिंग वळवून फिरवली तर खालून अडकल्यासारखी धडधड. म्हणजे कोणीतरी अलाइनमेंट न करता दामटलेली आणि टायरमध्ये पैसे वाचवलेली. विकणारे चांगले गृहस्थ होते, त्यांनाही माहीत नव्हतं. तर गाडी उचलून आतली कड बघा, ब्रेकच्या डिस्कच्या कडेला झिजून किती ओठ (उंच कड) आलाय ते बोटाने बघा, इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करायला सांगा (आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा), ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारा कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि साधारण दोन वर्षांनी बदलावंच लागतं, आणि सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवून घेतलीय का ते अधिकृत वर्कशॉपमध्ये तपासून घ्या. वाढवलेलं असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा.

आता नावं घेतो. तुमच्या प्रश्नात जे लिहिलंय त्यावरून माझी पहिली पसंती एम३४०आय टूरिंग (वरची ३ सिरीज टूरिंगच), ऑल व्हील, ॲडॅप्टिव्ह शॉकअप, उपलब्ध असलेलं छोटं चाक. एम३ नाही. एम३ टूरिंग बघून माझंही काळीज हलतं, पण तिची पुढची-मागची पकड इतकी जास्त आहे की साध्या रस्त्यावर तुम्ही तिला हातच लावू शकत नाही, आणि कडकपणा रोज सोबत राहतो, टायर-ब्रेकचा खर्च वेगळाच. वर्षातून चार वेळा ट्रॅकवर जाणार असाल तर माझं मत बदलेल. टूरिंग तुमच्याकडे मिळत नसेल तर ऑक्टाव्हिया आरएस इस्टेट, तिची ताकद बजेटपेक्षा खूप खाली वाटेल पण घरातली सगळी माणसं त्या गाडीत खूश राहतात हे मी पाहिलंय, आणि उरलेल्या पैशात पुढची दहा वर्षं निघतील. गोल्फ आर मधलं ठिकाण आहे, लहान, चपळ, सगळ्या हवामानात भरवशाची, फक्त आठव्या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांत स्टिअरिंगवर स्पर्शाने चालणारी बटणं आहेत ती वळवताना चुकून दाबली जातात, २०२४ च्या बदलानंतर खरी बटणं परत आलीत, ती घ्या. टोयोटा जीआर कोरोला कोणी सुचवेल, १.६ लिटरच्या तीन सिलिंडरमधून ३०० हॉर्सपॉवर, फार जिवंत गाडी, पण मागची जागा आणि डिकी दोन कारसीटवाल्या घराला पुरणार नाही. आजींचे गुडघे दुखत असतील तर मकान, वर लिहिलंच आहे.

टेस्ट ड्राइव्हला जाताना दोन्ही कारसीट आणि बाबागाडी सोबत घेऊन जा, शोरूमवाल्यांना विचित्र वाटलं तरी चालेल, आणि आजींनाही न्या. आधी सगळं बसवून बघा, आजींना मधे बसवून पंधरा मिनिटं फिरवा, त्यांनी काही बोलायची वाट बघा, त्यांना विचारू नका. तुम्ही स्वतः मागे बसा आणि दुसऱ्या कोणाला चालवू द्या. मग त्यांना खाली उतरवून एकट्याने तुमच्या रोजच्या रस्त्यावर न्या, शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर नाही, जिथे तो एक खराब तुकडा आहे, ते वळण आहे, तो चढाचा पार्किंग रॅम्प आहे जिथे पुढचा बंपर घासतो का ते कळेल. रेडिओ बंद, मोड साधा. आणि ज्या चाकांची गाडी तुम्ही ऑर्डर करणार आहात त्याच चाकांवरची टेस्ट कार मागा, बहुतेक वेळा डेमो गाडीला सगळ्यात मोठी चाकं असतात. त्या मापाची मिळत नसेल तर चार दिवस थांबा, दुसऱ्या शोरूमला फोन करा, पण ती चालवल्याशिवाय सही करू नका.